पान एकचा अँकर

वृत्तपत्राच्या डेस्कवर संध्याकाळी सातच्या सुमारास एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "आज अँकर काय आहे?" बाहेरच्या माणसाला वाटेल, टीव्हीवरच्या निवेदकाची चौकशी चालली आहे. आमच्याकडे अँकर म्हणजे पहिल्या पानाच्या अगदी तळाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा पसरलेला मजकूर. वर लीड असते, म्हणजे दिवसाची मुख्य बातमी, तिच्याखाली किंवा शेजारी सेकंड लीड, मध्ये कुठे दोन कॉलमी, कुठे चौकट, कडेला सिंगल. हे सगळं दिवसाच्या घडामोडींवर ठरतं आणि पान सुटेपर्यंत तीनतीनदा बदलतं. कुणाचा राजीनामा आला की लीड खाली सरकते, मोठा अपघात झाला की चौकट उडते. अँकर सहसा हलत नाही. तो संध्याकाळीच लागतो, बाकीचं पान त्याच्यावर रचलं जातं.

नागपूर हे वर्तमानपत्रांचं गाव आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 'हितवाद' सुरू केला तो इथे, १९११ मध्ये. तेव्हापासून या गावात छापखान्याची शाई कधी वाळलीच नाही. अशा गावात पत्रकारिता शिकताना शब्द पुस्तकातून कमी आणि टेबलावरून जास्त मिळतात. मी नवीन होते तेव्हा मुख्य उपसंपादकांना विचारलं होतं, याला अँकर का म्हणतात? ते पानावरून नजर न उचलता म्हणाले, "वरचं सारं हलते. खालून धरून ठेवाले कोणी पायजे का नाही?" तेवढ्यावर त्यांनी विषय संपवला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही, आणि समुद्रापासून शेकडो कोस दूर बसून मी जहाजाच्या नांगराबद्दल मिळेल ते वाचत गेले.

नांगर जहाजाला स्वतःच्या वजनाने धरून ठेवतो, असा आपला सर्वसाधारण समज असतो. जड लोखंड खाली टाकलं, जहाज थांबलं. पण हजारो टनांच्या जहाजाला वारा आणि ओहोटी ओढत असताना नुसतं वजन किती पुरणार? काम करते ती साखळी. पाणी वीस मीटर खोल असेल तर साखळी वीस मीटर सोडून भागत नाही. खोलीच्या साधारण पाचसहा पट सोडावी लागते. जहाजावर साखळी शॅकलमध्ये मोजतात, एक शॅकल म्हणजे साडेसत्तावीस मीटर. एवढी लांब साखळी सोडली की तिचा बराच भाग समुद्राच्या तळावर आडवा पडून राहतो. जहाज ओढ घेतं तेव्हा ती ओढ नांगरापर्यंत आडवी पोचते, आणि आडव्या ओढीने नांगराचं पातं तळाच्या चिखलात आणखी खोल रुततं. जितकी ओढ, तितकी पकड घट्ट. शिवाय लाट आली की पाण्यातला साखळीचा झोल आधी ताणला जातो आणि धक्का तिथेच जिरतो.

नांगर उचलायचा असेल तर याच्या नेमकं उलट करतात. साखळी गुंडाळत गुंडाळत जहाज नांगराच्या बरोबर डोक्यावर आणायचं. साखळी सरळ उभी झाली की ओढ वरच्या दिशेने बसते आणि जो नांगर वादळात सुटला नसता तो सुटून येतो. हे वाचलं त्या दिवशी मला आमच्या साहेबांचं वाक्य खऱ्या अर्थाने कळलं असं वाटलं. धरून ठेवणं हे साखळीच्या लांबीवर आणि ती तळाला किती लागून पडली आहे यावर असतं.

पुढे मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून लाँचने उरणजवळच्या मोऱ्याला जाताना नांगरलेली जहाजं जवळून पाहायला मिळाली. दोन गोष्टी लक्षात राहिल्या. एक म्हणजे प्रत्येक जहाजाच्या पुढच्या भागात दोरीला टांगलेला एक काळा गोळा. जहाज नांगरलेलं आहे, चालत नाही, हे दिवसा इतरांना कळावं म्हणून तो लावतात. रात्री त्याच्या जागी पांढरा दिवा. दुसरी गोष्ट अशी की लांबलांब उभी असलेली ती सगळी जहाजं एकाच दिशेला तोंड करून होती. शेजारच्या एका काकांनी सांगितलं, "भरती लागली की बघा, सगळी वळतील." नांगरलेलं जहाज जागचं हलत नाही हेही अर्धंच खरं म्हणायचं. ते नांगराभोवती फिरतं, पाण्याच्या कलाने तोंड फिरवतं, फक्त वाहून जात नाही.

आपल्या भाषेत शेतातल्या अवजाराला नांगर म्हणतात आणि जहाजाच्या अँकरलाही नांगरच म्हणतात. विदर्भातल्या माणसाला नांगर म्हटलं की आधी शेतच दिसणार. आमच्या आजोबांची शेती काटोलकडे, संत्र्याची झाडं आणि बाकी कपाशी. बागेच्या कडेच्या पट्टीत उन्हाळी नांगरटी चाले. आजोबा रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीवर, फार जोर देत नसत. फाळ जमिनीत कोणत्या कोनात शिरतो याकडे त्यांचं लक्ष असे. कोन बरोबर बसला की बैलांच्या ओढीनेच फाळ काळ्या मातीत आत डुबतो, चुकला की वरवर घसरत जातो आणि बैल फुकट दमतात. जहाजाच्या नांगराचं तत्त्व याहून वेगळं नाही. पातं आहे, ओढ आहे, कोन आहे, माती आहे.

आणि हे नुसतं आपल्या भाषेचं लडिवाळ साम्य नव्हे. जेफ्री इंग्रॅम टेलर हे केंब्रिजचे मोठे शास्त्रज्ञ, द्रवांच्या प्रवाहावरच्या कामासाठी जगभर ओळखले जातात. त्यांना शिडाच्या बोटीतून फिरण्याचा नाद होता. १९३३ मध्ये त्यांनी एक नवा नांगर तयार केला, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी. विमानात जड लोखंड वाहून नेता येत नाही, म्हणून वजनाला हलका पण पकडीला जबर असा नांगर हवा होता. टेलर यांनी त्याला शेतातल्या नांगराच्या फाळाचा आकार दिला. इंग्रजीत त्या जातीच्या नांगराला आजही प्लाऊ अँकर म्हणतात, आणि छोट्या बोटींवर तो सर्रास दिसतो. केंब्रिजच्या गणितज्ञाने जे आकडेमोड करून शोधलं ते आपल्या खलाशांनी आणि शेतकऱ्यांनी बोलताबोलता एका शब्दात ठेवून दिलं होतं. हे मला कळलं तेव्हा मी घरात येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले होते.

मूळ इंग्रजी शब्दही परका नाही. तो ग्रीकमधून लॅटिनमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेला. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ वाकणे, वळणे या अर्थाच्या एका फार जुन्या धातूशी नेतात. त्याच धातूची आपल्याकडची नातवंडं म्हणजे माहुताचा अंकुश आणि आपला आकडा, म्हणजे हूक. विजेच्या तारेवर टाकतात तो आकडासुद्धा त्याच घराण्यातला. हिंदीत अँकरला लंगर म्हणतात, तो फारसीतून आला. नागपुरात लंगर दोन ठिकाणी भेटतो. एक गुरुद्वाऱ्यात, पंगतीत बसून जेवायचा. दुसरा संक्रांतीला गच्चीवर. मांजाच्या तुकड्याला दगड बांधून तो दुसऱ्याच्या पतंगीवर भिरकावतात, कुणी त्याला लंगर म्हणतं, कुणी लंगड. एकीकडून "ओ काऽऽट" ऐकू येत असतं आणि दुसरीकडे पतंग उडवायला पैसे नसलेली पोरं लंगर टाकून पतंगी पकडत असतात. दोरीला बांधलेला दगड हेच तर नांगराचं सर्वांत जुनं रूप आहे. द्वारकेच्या समुद्रात सापडलेले जुने नांगर दगडाचेच आहेत, तिकोनी, तीन भोकांचे. वरच्या भोकात दोर, खालच्या दोन भोकांत लाकडाचे खुंटे.

बंदर सोडून हा शब्द किती घरांत शिरला आहे! बटण दाबलं की दिवा लावणारं अँकर, भिंतीत लोखंड पक्कं बसवायला मिस्त्री मारतो तो अँकर बोल्ट, आणि आईचा अँकरचा दोरा. आई भरतकाम करायची. सीताबर्डीवरून लड्या आणायची आणि कागदाच्या छोट्या पट्टीवरचा नंबर जपून ठेवायची, कारण टेबलक्लॉथ अर्धा झाल्यावर लडी संपली आणि नवी लडी दुसऱ्या नंबरची आली तर गुलाबाच्या दोन पाकळ्यांचे दोन रंग दिसतात. त्या पट्टीवर नांगराचं चित्र असायचं. मी पाहिलेला पहिला नांगर तोच, बोटाच्या नखाएवढा.

क्रिकेटमध्ये हा शब्द शीट अँकर म्हणून आला. जहाजावर शीट अँकर म्हणजे एरवी न वापरता राखून ठेवलेला मोठा नांगर. बाकीचे नांगर सुटले, वादळाने जहाज खडकाकडे ढकललं, की तो टाकायचा. म्हणून समालोचकांनी प्रत्येक संथ फलंदाजाला शीट अँकर म्हणणं मला पटत नाही. संथ खेळणं आणि बाकी सगळं सुटल्यावर धरून ठेवणं यांत फार अंतर आहे. आम्ही नागपूरकरांनी खरा शीट अँकर पाहिला तो जामठ्याच्या स्टेडियमवर, २०२५ च्या रणजी अंतिम सामन्यात. केरळविरुद्ध विदर्भाची पहिल्या डावात ३ बाद २४ अशी अवस्था. मैदानावर आलेल्या लोकांचे चेहरे पडलेले. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागीदारी केली. एकवीस वर्षांच्या मालेवारने १५३ केल्या, नायर ८६ वर धावबाद झाला. विदर्भाच्या ३७९ ला केरळने ३४२ पर्यंत उत्तर दिलं आणि त्या सदतीस धावांच्या आघाडीवर रणजी करंडक तिसऱ्यांदा आपल्याकडे आला. दुसऱ्या डावात नायरने पुन्हा १३५ काढल्या. त्या दिवसांत आमच्या क्रीडा पानाचे लोक आनंदाने वेडे झाले होते, आणि मला ते ३ बाद २४ नंतरचं पहिलं सत्र सर्वांत मोलाचं वाटतं. त्या सत्रात फार काही 'घडलं' नाही. दोघं मैदानावर राहिले.

टीव्हीवरचा अँकर मूळचा खेळातलाच असावा असं मला वाटतं. रस्सीखेचीत सगळ्यात मागे उभा राहणारा गडी, दोर पाठीवरून आणि खांद्यावरून घेऊन टाच रोवून उभा असतो, त्याला अँकर म्हणतात. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या पक्ष अधिवेशनांच्या वेळी सीबीएस वाहिनीवर वॉल्टर क्रॉन्काइट यांच्यासाठी हा शब्द वापरला गेला आणि रूढ झाला. ठिकठिकाणचे वार्ताहर माहिती पाठवणार आणि मध्ये बसलेला एक माणूस ती सगळी एकत्र धरणार, अशी कल्पना होती. छान कल्पना होती. आज वाहिन्यांवर जो आरडाओरडा चालतो, त्यात धरून ठेवणारा कोण आणि हेलकावे देणारा कोण हे सांगणं कठीण झालं आहे. आपल्याकडे कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकालाही आता अँकर म्हणतात, लग्नाच्या संगीताला अँकर ठरवतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. चांगला सूत्रसंचालक स्वतः मागे राहून वक्त्याला पुढे करतो, तो शब्दाच्या जवळ आहे.

मानसशास्त्रातला अँकर मात्र सावध करणारा आहे. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी १९७४ मध्ये एक प्रयोग मांडला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं, ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं होतं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? ज्यांनी १० पाहिला त्यांचा मधला अंदाज २५ निघाला, ज्यांनी ६५ पाहिला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचाही संबंध नाही, तरी मन पहिल्या आकड्याला बांधलं गेलं. बर्डीच्या मेन रोडवर पर्स घेताना दुकानदार आधी "आठशे" म्हणतो आणि मग आपण साडेचारशेला घेऊन खुशीत घरी येतो, ते याच चक्रामुळे. आमच्या धंद्यात याला फार महत्त्व आहे. मथळ्यातला पहिला आकडा वाचकाच्या मनात रुतून बसतो. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दिलेला खुलासा तो उपटू शकत नाही. आकडा दोनदा तपासल्याशिवाय मथळ्यात घेऊ नका, असं मी नव्या मुलांना सांगते ते याच प्रयोगाचा दाखला देऊन.

आता पुन्हा पानाच्या तळाशी येते, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. चांगला अँकर मजकूर कसा असतो? तो आजच घडलेला नसतो, पण आज वाचावासा वाटतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणाऱ्या मारबतीचे पुतळे पिढ्यान्‌पिढ्या बांधणारी कुटुंबं, गोंदियाच्या धानशेतांतले सारस आणि त्यांची घरटी राखणारे शेतकरी, भंडाऱ्याच्या कोसा रेशमाचे विणकर, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लागणारे पुस्तकांचे स्टॉल आणि डोक्यावर बोचकं घेऊन आलेली, हातात मात्र पुस्तकाची पिशवी घेऊन परतणारी माणसं. असा मजकूर फोनवर चार प्रश्न विचारून होत नाही. फोनवरचा मजकूर मी ओळखते. त्याची साखळी उभी असते, जरा ओढलं की सुटून येतो. ज्याने गावात जाऊन एक दिवस काढला, ज्याला घरट्याच्या बांधावर दोन तास बसून राहावं लागलं, त्याच्या मजकुरात लांबी आलेली असते. त्यातल्या पाऊण गोष्टी छापल्याच जात नाहीत. त्या तळाशी पडून असतात आणि छापलेल्या पाव भागाला धरून ठेवतात. वाचकाला त्या दिसत नाहीत, पण त्या आहेत हे त्याला जाणवतं.

इंग्लंडमध्ये नेदरटन नावाचं एक गाव आहे. समुद्रकिनाऱ्यापासून खूप आत, कोळशाच्या आणि लोखंडाच्या पट्ट्यात. 'टायटॅनिक'चा मधला भलामोठा नांगर तिथल्या कारखान्यात तयार झाला, सुमारे सोळा टनांचा. १९११ मध्ये तो रेल्वे स्टेशनापर्यंत ओढायला वीस घोडे जुंपले होते. मला त्या गावाबद्दल फार आपुलकी वाटते. जहाजं दूर कुठे फिरत होती आणि त्यांना धरून ठेवणारं लोखंड आतल्या भूभागात, समुद्र न पाहिलेल्या कारागिरांच्या हाताखाली तयार होत होतं. नागपूरही आतलंच गाव आहे. मोठ्या बातम्या मुंबई-दिल्लीत घडतात, त्या आमच्या लीडमध्ये येतात. अँकर मात्र आम्ही इथे घडवतो, शहरातल्या झिरो माइलच्या खांबापासून शंभर-दीडशे किलोमीटरच्या परिघात.

आणि तोच आता धोक्यात आहे. पानाचा तळ जाहिरातीला सर्वांत सोयीचा असतो. आडवी पट्टी, पूर्ण रुंदी, दर चांगला. आठवड्यातले बरेच दिवस अँकर उठतो आणि तिथे फ्लॅटची किंवा क्लासची जाहिरात बसते. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही, आमचे पगार त्यातूनच होतात, हे मला पूर्ण मान्य आहे. पण पट्टी पान तीनवर, पान पाचवर जाऊ शकते. ती पान एकवरच हवी असेल तर अर्ध्या रुंदीत बसू शकते. मी हे बैठकीत बोलत असते आणि बोलत राहणार.

मोबाइलवर तर पानाला तळच नाही. अंगठा सरकवत राहायचं, मजकूर येत राहतो. योगायोग असा की वेबपानावरच्या ज्या निळ्या शब्दावर टिचकी मारून आपण दुसरीकडे जातो, त्याच्या खुणेचं 'ए' हे अक्षरही अँकरचंच आहे. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची भाषा घडवली तेव्हा दुव्याचं टोक ज्या जागी बांधलेलं असतं तिला त्यांनी अँकर म्हटलं. आमच्या डिजिटल विभागातल्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, मग आपल्या अँकरला रोज एक पक्की जागा देऊ ना साइटवर, खाली असो की वर." तिची सूचना मी लिहून वरिष्ठांकडे दिली आहे. मजकूर दिवसभर त्याच जागी राहील, ब्रेकिंगने सरकणार नाही, एवढीच मागणी आहे.

सध्या एक नवा वार्ताहर आला आहे, हुशार आहे, हात चालतो. नाग नदीवर अँकर करतो म्हणाला. दोन अभ्यासकांशी फोनवर बोलून संध्याकाळपर्यंत देतो, असं त्याचं म्हणणं होतं. मी त्याला लाव्याच्या टेकड्यांत पाठवते आहे, नदी उगम पावते तिथे. तिथून अंबाझरी, मग शहरातून काठाकाठाने, जिथे वाट असेल तिथे पायी, आणि पुढे ती कन्हानला मिळते तिथवर. काठावरच्या वस्त्यांत थांब, भाजी पिकवणाऱ्यांशी बोल, पाण्याला वास कुठे सुरू होतो ते लिहून ठेव, असं सांगितलं आहे. तो म्हणाला, "मॅडम, एवढं सगळं सातशे शब्दांत बसेल का?" मी म्हटलं, बसणार नाही, तरी जा. तो परवा निघतो आहे. येत्या सोमवारी तळाची जाहिरात नाही, जागा मी मागून ठेवली आहे.